पावसाळ्याआधी जोडांची शाकारणी

(कोकणातील हौशी रेडिओ स्वयंसेवकांच्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



या वर्गाचे निमंत्रण देताना संयोजकांनी मला ‘आपत्तीकाळातील संपर्क आणि प्रसिद्धी’ असा भारदस्त विषय सुचविला होता. त्यांची क्षमा मागून मी तो बाजूला ठेवला आहे. आज मी बोलणार आहे ते अंगठ्याएवढ्या एका धातूच्या जोडाविषयी. आपण घरी तयार केलेली अँटेना आणि तिच्यापासून खोलीतील रेडिओ संचापर्यंत येणारी कोॲक्सियल केबल यांना सांधणारा हा कनेक्टर. त्यात पावसाचे पाणी शिरू नये म्हणून काय करावे, एवढाच माझा विषय. माझे शिक्षण मराठी साहित्य घेऊन बी. ए.पर्यंत झाले आणि ओहमचा नियम मला वयाच्या पस्तिशीत भेटला. तेव्हा येथे बसलेल्या विज्ञानाच्या पदवीधरांना माझ्या बोलण्यात तांत्रिक चूक आढळल्यास त्यांनी ती अवश्य दाखवावी. मात्र मी जे सांगणार आहे त्यातील बराचसा भाग पुस्तकात वाचलेला नसून स्वतःची फजिती करून घेऊन शिकलेला आहे.

हौशी रेडिओ म्हणजे काय, हे या सभागृहात सांगण्याचे कारण नाही. परंतु हे भाषण छापले जाणार असल्याचे कळल्यामुळे वाचकांसाठी चार वाक्ये बोलतो. केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन ज्याने परवाना मिळविला आहे, असा नागरिक ठरवून दिलेल्या लहरींवर स्वतःचे बिनतारी केंद्र चालवू शकतो. त्याला वेतन नाही आणि त्या लहरींवर व्यापार करण्यास मनाई आहे. एरवी हा एक छंद. पण वीज आणि दूरध्वनी बंद पडले की याच छंदाला निराळेच मोल येते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटा अंदमान-निकोबारवर आदळल्या, त्या वेळी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हौशी संदेशवाहकांची एक तुकडी योगायोगाने पोर्ट ब्लेअरला होती. बेटांचा संपर्क तुटलेला असताना त्या तुकडीच्या संचांवरून कित्येकांची खुशाली मुख्य भूमीवरील त्यांच्या नातलगांना कळली. आपल्याकडे ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आले आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पुराच्या पाण्यात बुडाले. विजेचे खांब आडवे झाल्यावर आणि मोबाइल मुके झाल्यावर माणसे किती एकाकी होतात, हे या जिल्ह्यांतील कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

आता माझ्या फजितीची हकिगत.

काही वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी मिळून तालुक्याच्या गावी एका शाळेच्या गच्चीवर केंद्र उभारले. अँटेना घरगुतीच होती. आपण सर्वांनी पहिल्यांदा हीच केली असेल. एक चौकोनी सॉकेट, त्याच्या मधल्या पिनेवर डाख लावून बसवलेली सुमारे ४९ सेंटिमीटर लांबीची उभी पितळी दांडी आणि सॉकेटच्या चार कोपऱ्यांच्या भोकांत स्क्रूने आवळलेल्या, खाली ४५ अंशांत झुकलेल्या, त्याहून किंचित लांब अशा चार काड्या. १४५ मेगाहर्ट्झसाठी याहून सोपी आणि स्वस्त अँटेना मला ठाऊक नाही. तिच्याखाली करंगळीएवढ्या जाडीची आरजी-२१३ केबल २० मीटर उतरून खालच्या वर्गाच्या खिडकीतून आत आली. जोडावर आम्ही विजेच्या दुकानात मिळणारी काळी इन्सुलेशन टेप भरपूर गुंडाळली आणि निश्चिंत झालो.

पहिला पावसाळा उत्तम गेला. पुढल्या मे महिन्यात आम्ही तपासणी केली. मीटरवर एसडब्ल्यूआर पाहिला. अँटेनाकडे धाडलेल्या शक्तीपैकी किती शक्ती परत फिरते, याचा हिशेब सांगणारा हा आकडा १ असावा, किंवा जमेल तितका १ च्या जवळ असावा, असे आपण शिकतो. उभारणीच्या वेळी तो १.५ होता. वर्षभराने तो १.२ भरला! मी आनंदाने वहीत नोंद केली : “अँटेनाच्या कामगिरीत सुधारणा.” ती वही मी अजून जपून ठेवली आहे. शासकीय टिप्पण्या लिहिण्यात माझे आयुष्य गेले, पण इतकी चुकीची टिप्पणी माझ्या हातून दुसरी झाली नसावी.

जुलैमध्ये नदीला पूर आला. पूल पाण्याखाली गेला, वीज दुपारीच गेली होती, सायंकाळी मोबाइलही गेले. नदीपलीकडील गावात आमच्यापैकी एकाचे केंद्र होते. धरणातून सोडले जाणारे पाणी रात्री वाढविण्यात येणार असून नदीकाठची खालची वाडी अंधार पडण्यापूर्वी रिकामी करावी, असा निरोप तहसील कार्यालयातून आमच्या हाती आला. निरोप दोन ओळींचा होता. मी तो दहा वेळा वाचला, वीस वेळा वाचला. पलीकडचा आवाज आम्हाला खरखरीतून तुटक तुटक येत होता. त्यांच्या खोलीबाहेर जनरेटर चालू होता आणि त्याच्या खरखरीत आमचा क्षीण आवाज बुडून जात होता. कोणीतरी बोलत आहे एवढेच त्यांना कळत होते, काय ते कळत नव्हते. आम्ही बॅटरी बदलली, संच बदलला, मायक्रोफोन बदलला. केबलचा संशय कोणालाही आला नाही, कारण मीटरचा काटा आज्ञाधारकपणे १.२ वर उभा होता.

शेवटी आमच्यातील एक तरुण तो निरोप कागदावर लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून निघाला. डोंगराच्या कडेने वरच्या साकवापर्यंत जाऊन पलीकडे उतरायला त्याला तीन तास लागले. वाडी रिकामी झाली, पण ती कंदिलाच्या उजेडात, लहान मुले आणि म्हातारी माणसे चिखलातून चालवीत. पहाटे तेथील घरांच्या ओट्यांवर पाणी होते. तो मुलगा दुसऱ्या दिवशी धडधाकट परत आला, म्हणून मी ही हकिगत आपल्यापुढे सांगू शकतो. एरवी ती सांगण्याचे बळ मला झाले नसते.

पाऊस थांबल्यावर मी संचामागील प्लग उघडला, तेव्हा टेबलावर चमचाभर पाणी सांडले. वीस मीटर उंचावरच्या जोडातून शिरलेले पाणी केबलच्या पोटातून प्रवास करीत खाली माझ्या टेबलापर्यंत आले होते.

काट्याने फसविले कसे?

या ठिकाणी जरा थांबून हिशेब पाहू, कारण माझ्या मते सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि ती फार थोड्यांच्या ध्यानात येते. चांगल्या स्थितीतील २० मीटर आरजी-२१३ केबलमधून या लहरींवर साधारण दोन तृतीयांश शक्ती वर पोचते. समजा, पाण्याने सडून केबल इतकी वाईट झाली की दहावा हिस्साच वर पोचू लागला. संचातून ५० वॅट निघाले, तर अँटेनाजवळ ५ वॅट पोचले. आता अँटेना मोडून पडली आहे, किंबहुना ती तेथे नाहीच, असे धरा. हे ५ वॅट सगळेच्या सगळे परत फिरतील. परतीच्या वाटेवर त्यांचाही दहावा हिस्साच उरेल, म्हणजे अर्धा वॅट. मीटर बिचारा खाली खोलीत बसलेला आहे. त्याला दिसते ते एवढेच की, ५० वॅट गेले आणि जेमतेम अर्धा वॅट परत आला. तो सांगतो, एसडब्ल्यूआर १.२, सर्व क्षेमकुशल आहे. जी शक्ती केबलने वाटेतच गिळली, तिची त्याला वार्ताही नाही.

तात्पर्य, वर्षभरात कोणी अँटेनाला हात लावलेला नसताना एसडब्ल्यूआर आपोआप सुधारला, तर आनंद मानू नये, शिडी आणावी. माझा व्यवसाय माहिती पोचविण्याचा. रवाना झालेल्या पत्राला पोच आली नाही याचा अर्थ ते पोचले असा धरू नये, हे मी कार्यालयात नव्या लिपिकांना शिकवीत आलो. केबलच्या बाबतीत मीच ते विसरलो.

पाणी शिरते कोठून?

आपण सर्रास वापरतो तो पीएल-२५९ प्लग आणि त्याचे सॉकेट ही १९३० च्या दशकातील रचना आहे. तिला यूएचएफ कनेक्टर म्हणतात, पण त्या नावावर जाऊ नये. त्या काळी ३० मेगाहर्ट्झच्या वरचे सारेच अतिउच्च वाटत असे. प्लग मजबूत आहे, स्वस्त आहे, कोठेही मिळतो. मात्र पाणी अडविण्याची त्यात काहीही सोय नाही. पुढे १९४० च्या दशकात बेल प्रयोगशाळेतील पॉल नील यांनी तयार केलेल्या एन कनेक्टरमध्ये रबरी कडे घातलेले असते आणि तो पुष्कळ अंशी पाणी अडवितो. ज्यांना परवडेल त्यांनी तो वापरावा. वापरला तरी मी पुढे सांगणार आहे ती मलमपट्टी चुकवू नये.

पीएल-२५९ मध्ये पाण्याला वाटा अनेक. फिरत्या कड्याच्या आट्यांतून एक. केबलचे काळे आवरण प्लगच्या मागच्या बाजूला जेथे संपते त्या फटीतून दुसरी. केबलच्या जाळीला डाख लावण्यासाठी प्लगच्या अंगावर चार छिद्रे असतात, ती पूर्ण भरली नाहीत तर तेथून तिसरी. चौथी वाट आपल्या घरगुती अँटेनाची खास आहे. उभी दांडी जेथे पिनेवर बसविली, तेथे सॉकेटचा वरचा भाग आभाळाकडे उघडा असतो आणि दांडीवरून ओघळणारा प्रत्येक थेंब थेट त्या पिनेपाशी येतो. आम्ही खालचा जोड टेपने मढविला आणि हे वरचे दार सताड उघडे ठेवले होते!

मुसळधार पावसापेक्षाही उघडीप-सर, उघडीप-सर असा खेळ जोडाला अधिक बाधतो. उन्हाने गच्ची तापली की जोडातील हवा फुगून बाहेर पडते. मग एकाएकी सर येऊन धातू थंड झाला, की आतील हवा आकसते आणि बारीक फटींतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. जोड अक्षरशः श्वास घेतो आणि हवेऐवजी पाणी ओढतो. एकदा ते केबलच्या तांब्याच्या विणलेल्या जाळीपर्यंत पोचले की पुढचे काम जाळी करते. समईतील वात तेल कशी ओढते ते आठवावे. जाळीच्या तारांमधील सूक्ष्म फटी त्याचप्रमाणे पाणी कित्येक मीटर आत नेतात. किनाऱ्यालगत तर हवेतच मीठ असते. कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो, हे आपल्या घरोघर ठाऊक आहे. खाऱ्या पाण्याने केबलमधील तांब्याची तीच गत होते. चकचकीत जाळी आधी तपकिरी, मग काळी पडते, कोठे कोठे हिरवा थर चढतो आणि तारांचा एकमेकींशी असलेला नीट संपर्क तुटतो.

अशी केबल उन्हात वाळवून पुन्हा वापरू, असे म्हणणारे भेटतात. मीही तसे म्हणालो होतो. वरच्या टोकाकडून हातभर तुकडे कापीत, स्वच्छ तांबे लागेल या आशेने मी खाली येत गेलो आणि सहा मीटरनंतर कात्री खाली ठेवली. भिजलेली केबल वाळत नाही. ती टाकून द्यावी.

बांधणी कशी करावी?

पहिली गोष्ट वेळेची. हे काम मे महिन्यात, रोहिणी निघण्यापूर्वी, कोरड्या दिवशी भर दुपारी करावे. सकाळी दवात किंवा पहिली सर पडून गेल्यावर घाईने केलेली बांधणी पाण्याला आतच कोंडून ठेवते, ते न बांधण्याहून वाईट. आभाळ भरून आले, गडगडाट ऐकू आला, तर हातातील काम तसेच टाकून खाली यावे. विजेच्या तारा जवळून जात असतील तर त्या ठिकाणी अँटेना मुळात उभारूच नये.

वरच्या दारापासून सुरुवात करू. दांडी आणि पीन यांच्या सांध्याला डाख नीट लागला आहे याची खात्री करून त्यावर दोन भाग कालवून लावायचा इपॉक्सी घालावा. त्याला उतरता आकार द्यावा, म्हणजे पाणी साचणार नाही. उन्हाने इपॉक्सी कालांतराने पिवळा पडतो व तडकतो, म्हणून वाळल्यावर त्यावर रंगाचा हात मारावा. आमच्या गटातील एका बागायतदाराने याहून गमतीची युक्ती काढली आहे. नारळाची अर्धी करवंटी पालथी धरून, तिच्या डोळ्यातून त्याने दांडी ओवली आणि ती सॉकेटवर टोपीसारखी बसवून भोकाशी इपॉक्सी भरला. पहिल्यांदा आम्ही हसलो. एसडब्ल्यूआरमध्ये लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही आणि दोन पावसाळ्यांनंतर करवंटीखालची पीन कोरडी निघाली. तेव्हापासून कोणी हसत नाही.

आता खालचा प्लग. त्याला डाख लावताना जाळी चारही छिद्रांतून दिसेल व छिद्रे पूर्ण बुजतील असे पाहावे. बाजारातील काही चकचकीत प्लगांवर निकेलचा मुलामा असतो, त्याला डाख चटकन धरत नाही. कानशीने तो थोडा खरवडून घ्यावा. प्लग सॉकेटवर चढविण्यापूर्वी आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवावे, मग कडे हाताने घट्ट आवळावे. पकडीने हलकेच एक पाव फेरा चालेल, त्याहून अधिक जोर करू नये. नंतर सारा भाग स्पिरिटने पुसून कोरडा करावा. हाताचे तेल लागले असेल तर टेप धरत नाही.

मुख्य आवरण रबरी पट्टीचे. साध्या इन्सुलेशन टेपला गोंद असतो आणि आपल्याकडच्या उन्हात तो पातळ होऊन कडा सुटतात. सुटलेले टोक कावळ्यांना फार आवडते. ज्या रबरी पट्टीविषयी मी बोलतो तिला गोंदच नसतो. ती ताणून स्वतःवरच गुंडाळली, की थर एकमेकांशी एकजीव होतात आणि काही तासांत तिची अखंड रबरी नळी बनते. दुकानात ‘सेल्फ-अमाल्गमेटिंग’ किंवा ‘सेल्फ-फ्युजिंग’ टेप म्हणून मागावी. तिच्यामधला पातळ कागद किंवा प्लास्टिक काढून टाकायचे असते, हे सांगण्याची गरज नाही असे मला वाटत असे. परंतु एका शिबिरात कागदासकट गुंडाळलेला जोड पाहिल्यापासून मी ते सांगतो.

पट्टी दुप्पट लांब होईल इतकी ताणावी. ताण कमी पडला तर थर एकजीव होत नाहीत. प्लगच्या खाली चार बोटे, केबलच्या काळ्या आवरणावर सुरुवात करावी आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा येईल असे गुंडाळीत वर सॉकेटच्या पाट्याला भिडेपर्यंत जावे. तेथून परत खाली आणि पुन्हा वर. शेवटचा थर खालून वर गेला पाहिजे, याला फार महत्त्व आहे. येथे आपल्या घराचे कौलारू छप्पर डोळ्यांपुढे आणावे. शाकारणी करताना आपण कौले पागोळीपासून आढ्याकडे रचत नेतो, म्हणजे वरच्या कौलाची कड खालच्या कौलावर येते आणि पाणी ओघळून जाते. टेपचे वेढेही असेच पडले पाहिजेत. वरून खाली गुंडाळलेल्या टेपमध्ये प्रत्येक वेढ्याची कड वर तोंड करून पाण्याची वाट पाहत बसते.

या रबरावर ऊन थेट पडू देऊ नये, त्याला भेगा जातात. म्हणून वरून इन्सुलेशन टेपचे दोन थर द्यावेत, तेही खालून वर. गोंदावर आपला विश्वास नसला तरी सावली धरण्यापुरती ती उपयोगी आहे. शेवटचा वेढा न ताणता अलगद बसवावा आणि टेप तोडू नये, कात्रीने कापावी. ताणलेले टोक आठ दिवसांत उचलते.

आणखी एक इशारा. खिडक्यांच्या काचा बसविणारे कारागीर ज्या नळीतील सिलिकॉन वापरतात, ते जोडावर थापण्याचा मोह अनेकांना होतो. लावताना त्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर ते तांब्याजवळ नेऊ नये. घट्ट होताना त्यातून ॲसेटिक आम्ल बाहेर पडते आणि तेच तांब्याला खाते. पाणी अडविण्यासाठी आम्ही स्वहस्ते आम्ल ओतल्यासारखे होते. वास नसलेले, ‘न्यूट्रल’ असे लिहिलेले सिलिकॉन मिळते, ते चालते.

आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी नळीही चांगली. फक्त ती प्लग बसविण्यापूर्वी केबलवर ओवून ठेवावी लागते. माझ्या हातून हे दोनदा राहिले आणि दोन्ही वेळा चांगला झालेला जोड कापावा लागला.

काहीजण जोडावर प्लास्टिकची बाटली उलटी बांधतात. छत्री म्हणून ती ठीक आहे, पण तिचे तोंड बंद करू नये. बंद बाटलीच्या आत घाम धरतो आणि जोड बारा महिने ओल्या हवेत राहतो. पाणी आत येऊ नये हे आपण पाहतोच. आलेले पाणी सर्वात खालच्या जागी बाहेर पडू शकेल हेही पाहावे. त्याच कारणाने केबल खिडकीतून आत घेण्यापूर्वी तिला खाली पोट द्यावे. वीज मंडळाचे वायरमन खांबावरून घरात तार घेताना तिला असाच झोळ देतात. केबलवरून ओघळणारे पाणी त्या पोटाच्या तळाशी टपकते, खिडकीतून आत येत नाही. केबलचा भार प्लगवर पडू नये म्हणून ती खांबाला दर दोन हातांवर बांधावी. वाऱ्यात हेलकावणारी केबल उत्तमोत्तम बांधणीही सैल करते.

परीक्षा कशी घ्यावी?

मीटरला भुलायचे नाही, तर मग केबलची तब्येत कळावी कशी? दोन मार्ग सांगतो. पहिला असा की, केबलचे वरचे टोक अँटेनापासून सोडवून मोकळे ठेवावे आणि खालून कमीत कमी शक्तीवर दोन-तीन सेकंद संदेश धाडून काटा पाहावा. टोक मोकळे असल्यावर शक्ती परत फिरलीच पाहिजे. निरोगी २० मीटर आरजी-२१३ केबलवर एसडब्ल्यूआर ५ च्या आसपास दिसला पाहिजे. तो १.२ किंवा १.५ दिसला, तर केबल मेली असे समजावे. दुसरा मार्ग अधिक खात्रीचा. वरच्या टोकाला ५० ओहमचा डमी लोड लावून वॅटमीटर आधी खाली आणि मग वर ठेवून मोजावे. किती निघाले आणि किती पोचले याचा रोख हिशेब मिळतो. हे आकडे केबल नवी असताना मोजून वहीत लिहून ठेवावेत आणि दर मे महिन्यात त्यांच्याशी ताडून पाहावेत. पेन्सिलीहून बारीक आरजी-५८ केबल वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तेवढ्याच लांबीत तिच्यातून नव्या स्थितीतही निम्म्याहून कमी शक्ती वर पोचते. तिचे आकडे निराळे येतील.

रबरी पट्टी उलगडून पाहता येत नाही, चाकूने उभी चिरावी लागते. दरवर्षी सगळे जोड चिरण्याची आवश्यकता नाही. आकडे जुळत असतील आणि बाहेरून कोठे भेग दिसत नसेल, तर वरची इन्सुलेशन टेप तेवढी बदलावी. नदीपलीकडच्या गावातील केंद्राचा जोड मात्र मी दर उन्हाळ्यात स्वतः जाऊन पाहतो. त्यामागे तांत्रिक कारण काही नाही. डोंगराकडेच्या वाटेने गेलेला तो तरुण आता तेथील केंद्र सांभाळतो. मी गेलो की तो एक अक्षर न बोलता शिडी लावतो आणि खालून मला आकडे वाचून दाखवितो.

आता बोलणे पुरे. बाहेर व्हरांड्यात चार जुन्या अँटेना आणि रबरी पट्टीची दोन डझन रिळे मांडून ठेवली आहेत. प्रत्येकाने एक जोड स्वतः बांधावयाचा आहे. बांधून झाल्यावर तो रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवू आणि उद्या सकाळी चहाच्या आधी चिरून पाहू. गच्चीवरचा जोड उतरविण्यासाठी दोघे जण माझ्याबरोबर या आणि आणखी दोघे शिडी धरायला खाली थांबा.